हिरवळ भिंतीपाशी, पाऊल कोरड्या वाटेवर

आषाढसरी स्थिरावल्या की राजापेठेतील जुन्या घरांची मागची अंगणे पाहता पाहता हिरवी होतात. विहिरीचा कठडा, मोरीची कडा, उत्तरेकडच्या भिंतीचा पायथा, जिथे ऊन पोहोचत नाही तिथे मखमल पसरते. आणि नेमक्या त्याच दिवसांत माझ्या दवाखान्यात ‘पाय घसरला’ म्हणून येणाऱ्या ज्येष्ठांची संख्या वाढते.

काही वर्षांपूर्वी हा प्रसंग माझ्याच घरी घडला. तुळशीला पाणी घालायला निघालेली माझी आई ओल्या फरशीवर घसरली. वय ७८. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, घरात वॉकर आला. मी संतापून अंगणातला हिरवा रंग तेवढा खरवडून काढला आणि आईला मागच्या दाराने बाहेर पडण्यास मनाई केली. हाड जुळले, पण आईचे चालणे मात्र थांबले. दिवसभर ती खाटेवर बसून राही. कारण विचारले तेव्हा म्हणाली, ‘अंगनात पाय ठेवू नको म्हनतं, मंग मी चालू कायले?’

या प्रश्नाला माझ्याजवळ औषध नव्हते. पडण्याची भीती माणसाला बसवून ठेवते, बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, आणि क्षीण पायांनी माणूस पुन्हा पडतो. हे चक्र तोडायचे तर बाहेर जाण्यासारखे काहीतरी बाहेर असावे लागते. म्हणून आम्ही हिरवळ परत आणली; मात्र पावलांची जागा आणि तिची जागा वेगळी केली.

आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो, त्यात दोन निरनिराळ्या वनस्पती असतात. पाणी साचलेल्या फरशीवर जो बुळबुळीत थर धरतो, ते शैवल. भिंतीवर, विटांच्या सांध्यांत जी बारीक पानांची मऊ गादी वाढते, ती हरिता. इंग्रजीत तिलाच मॉस म्हणतात. शाळेच्या पुस्तकातील फ्युनारिया ती हीच. तिला खरी मुळे नसतात. जमिनीला ती केसांसारख्या तंतूंनी धरून राहते आणि पाणी थेट पानांनी शोषते. म्हणून तिला खोल माती लागत नाही, खत लागत नाही. लागते ती सावली, ओल आणि घट्ट, न हलणारी जागा. ओली असताना तीही निसरडी असते, हे मात्र विसरू नये.

लावण्याची वेळ म्हणजे पाऊस स्थिरावल्यानंतरचे दिवस. जागा भिंतीच्या पायथ्याची किंवा झाडाखालची, जिथून कोणी ये-जा करत नाही अशी निवडावी. आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि हरितेची पकड सुटते. त्यामुळे वर विटांचा चुरा व बारीक रेती पसरून जागा चोपून घट्ट करावी. गवत आधी उपटून घ्यावे. मग स्वतःच्याच भिंतीवरील हरितेचे तळहाताएवढे तुकडे पातळ उलथन्याने अलगद सोडवून ओल्या जागेवर बसवावेत व हाताने दाबावेत. भिंतीवर किंवा गच्चीवर चढण्याचे काम घरातील तरुणांनी करावे. पुढचे महिना-दीड महिना, पाऊस नसेल त्या दिवशी, सकाळ-संध्याकाळ फवारणीच्या बाटलीने पाणी शिंपडावे. पावसाचे साठवलेले पाणी उत्तम. बोअरच्या जड पाण्याने क्षारांचा पांढरा थर बसतो. साठवणीचे भांडे मात्र घट्ट झाकावे आणि कूलरच्या टाकीप्रमाणेच आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडे करावे, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. हरितेला ओल हवी असते, डबके नको.

चिखलदऱ्याची सहल झाली की तिथली हरिता पिशवीत भरून आणण्याचा मोह होतो. तो आवरावा. मेळघाटच्या संरक्षित जंगलातून काही उचलून आणणे कायद्याला धरून नाही. शिवाय सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या गारव्यात वाढलेली हरिता अमरावतीच्या उन्हाळ्यात टिकण्याची आशा कमीच. आपल्या भिंतीवरची हरिता इथले ऊन सोसत आलेली आहे.

आता अधिक महत्त्वाचे, ते वाटेचे. दारापासून तुळशीपर्यंत तीन फूट रुंदीची, खरबरीत दगडाची, पाणी वाहून जाईल अशा उताराची वाट ठेवावी. गुळगुळीत फरशी टाळावी. एका बाजूला धरायला मजबूत कठडा असावा. पावसाळ्यात ही वाट दर आठवड्याला ताठ ब्रशने घासावी. ब्लीचिंग पावडर वापरल्यास तिच्यात शौचालय धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये; त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसांना घातक असतो. झिजलेल्या तळव्यांची चप्पल फेकून द्यावी. शेजारी हातांची, जरा उंच खुर्ची ठेवावी. तिच्यावर बसून पाणी शिंपडता येते, उकिडवे बसावे लागत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी जाऊ नये. मातीत हात घालताना हातमोजे घालावेत, कारण बारीक जखमेतून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.

पहिल्या महायुद्धात स्फॅग्नम नावाच्या हरितेच्या पट्ट्या जखमांवर बांधल्या गेल्या, हे खरे आहे. पण ती निराळी जात, निवडून व स्वच्छ करून वापरलेली. अंगणातील हरिता जखमेवर लावू नये.

एवढी काळजी घेऊनही कोणी पडलेच, तर त्यांना ओढून उभे करू नये. खुब्यात किंवा जांघेत तीव्र वेदना असेल, पाय आखूड दिसत असेल किंवा पाऊल बाहेरच्या बाजूला वळले असेल, तर चोळू नये, चालवून पाहू नये. आडवेच ठेवून रुग्णालयात न्यावे. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर वरकरणी बरे वाटत असले तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

आमच्या घरी पहिल्या आठवड्यात आई वॉकर धरून दारापर्यंत आली. पुढच्या आठवड्यात खुर्चीपर्यंत. दिवाळीपर्यंत ती सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी शिंपडू लागली. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात गेला आणि सारी गादी करपून तपकिरी झाली. मी ती काढून टाकण्यास निघालो, तेव्हा आईने अडवले. तिचेच बरोबर होते. हरिता वाळते, पण लगेच मरत नाही. पाण्याची टंचाई असताना तिच्यासाठी पिण्याचे पाणी खर्चण्याची गरज नसते. मृगाचा पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला हाक मारून मागच्या दारी घेऊन गेली. भिंतीचा पायथा पुन्हा हिरवा दिसू लागला होता. आई वाटेवर उभी होती, हात कठड्यावर होता.

आपल्या घरातही अंगण धुवून काढण्यापूर्वी आई-वडिलांना एकदा विचारावे, तिथे त्यांना काय पाहायला आवडते. त्यानंतरच ब्रश हाती घ्यावा.