खिशात मावेल तेच हत्यार

मल्टिटूल घ्यायचं म्हटलं की आपण आधी मोजतो, त्यात हत्यारं किती. मीही तेच केलं. पक्कड असलेलं, सुमारे २४० ग्रॅमचं लेदरमन घेतलं. खिसा लोंबायला लागला आणि दोन आठवड्यांत ते ड्रॉवरमध्ये गेलं.

मग आठवडाभर लिहून ठेवलं, रोज खरंच काय लागतं? पार्सलची टेप, दुधाची पिशवी, शर्टाचा सुटलेला धागा, खेळण्याचा ढिला स्क्रू, बोटात गेलेलं कुसळ. म्हणजे छोटं पातं, कात्री, चिमटा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक. व्हिक्टोरिनॉक्सच्या ५८ मिलिमीटर लांब ‘क्लासिक’मध्ये हे सगळं आहे. वजन जेमतेम २१ ग्रॅम. वाढदिवसाला बाबांनी तेच दिलं, मी किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं. पक्कडवालं आता स्कूटरच्या डिकीत असतं.

हलकं असल्याने ते जवळ आहे हेच विसरायला होतं. विमानतळावर तपासणीत जुडगं बाहेर काढलं तेव्हा आठवलं. बॅग आधीच चेक-इन झाली होती. बाबांची भेट तिथल्या डब्यात टाकावी लागली.

नवीन घेतलंय, अगदी तसंच. बाबांना अजून सांगितलेलं नाही, आता इथे वाचतीलच. तुम्ही मात्र प्रवासाच्या आदल्या रात्री जुडगं तपासा.