कात्री नको, पाते हवे

बाहीवरून लोंबणाऱ्या चामड्याच्या झिरमिळ्या म्हटल्या की डोळ्यांपुढे घोड्यावरचा काउबॉय येतो. पण ही कला मुळात त्याची नव्हे. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील लाकोटा, शायेन, ब्लॅकफूट अशा मूळ रहिवाशांची ती. हरणाचे कातडे कमावणे आणि त्याचे कपडे शिवणे हे तिथे बायकांचे काम. कातडे खरवडायचे, जनावराचाच मेंदू पाण्यात कालवून त्यावर चोळायचा, ते ओढून-ताणून मऊ करायचे आणि मग धुरी द्यायची. धुरी दिलेले कातडे भिजून वाळले तरी कडक होत नाही. एवढ्या कष्टाने तयार केलेल्या कातड्याचा तुकडा फेकवेल कुणाला? कडेला जे उरे, त्याच्याच पट्ट्या कापल्या जात. पावसाचे पाणी या पट्ट्यांच्या टोकांवरून निथळून जाई आणि अडीअडचणीला एखादी पट्टी बांधायलाही उपयोगी पडे.

पुढे गोऱ्या शिकाऱ्यांनी हा वेश उचलला. 1883 पासून बफेलो बिलने आपल्या खेळांतून तो गावोगाव मिरवला आणि 1969 च्या 'ईझी रायडर' चित्रपटात डेनिस हॉपरच्या अंगावर तो तरुणांची फॅशन होऊन आला. विटंबना अशी, की 1879 साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे निघालेल्या निवासी शाळेत याच मूळ रहिवाशांच्या मुलांचे केस कापून, घरचे कपडे उतरवून त्यांना गणवेश चढवले जात होते. त्याच काळात तमाशाच्या तंबूत मात्र त्या कपड्यांना टाळ्या पडत होत्या!

आता घरच्या जॅकेटकडे वळू या. झिरमिळ्या करणे दिसते सोपे, पण हिशेब करून पाहा. 40 सेंटिमीटर लांबीच्या तुकड्यात 5 मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढायच्या तर 79 काप घ्यावे लागतात. दोन्ही बाह्यांचे झाले 158. कापडाचा धागा चुकला तर उसवता येतो, चामड्याचा काप मात्र परत सांधत नाही. अठ्ठ्याहत्तरावा काप वाकडा गेला तर आधीचे सत्त्याहत्तर वाया! म्हणून जॅकेटच्या अंगाला हात लावू नका. झिरमिळ्या वेगळ्या तुकड्यात कापा आणि तो तुकडा बाहीची शिवण उसवून दोन पदरांच्या मध्ये घालून शिवा.

मुंबईत धारावीला, चेन्नईत पेरियामेटला चामडे वर्गफुटावर मिळते. साधारण 1 मिलिमीटर जाडीचे मऊ चामडे किंवा स्वेड घ्या. घेताना दोन्ही हातांनी ताणून पाहा. जनावराच्या पाठीकडचे चामडे घट्ट असते, पोटाकडचे सैल. पोटाकडच्या पट्ट्या महिन्याभरात लांबतात आणि झालर खालीवर दिसू लागते. दुकानदार स्वस्तात देतो तो तुकडा बहुधा पोटाकडचाच असतो.

तुकडा उलटा पसरा. शिवणीसाठी वरची दीड-दोन सेंटिमीटरची पट्टी अखंड ठेवून तिथे पेन्सिलने रेघ मारा. या रेघेवर दर 5 मिलिमीटरवर खूण करा आणि प्रत्येक खुणेवर पंचाने बारीक भोक पाडा. हा खटाटोप टाळू नका. काप जिथे संपतो तिथूनच चामडे फाटत जाते, गोल भोक असले की ताण चहूकडे वाटला जातो.

कात्री मात्र बाजूला ठेवा. तिच्या दर चावीला चामडे पुढे सरकते आणि कडेला पायऱ्या पडतात. चर्मकाराच्या हातात रापी शोभते, नवख्याने नवे पाते घातलेला कटर आणि पोलादी पट्टी घ्यावी. खाली जाड रबर किंवा लाकडी फळी हवी. पाते भोकात टेकवा आणि एका दमात खालच्या कडेपर्यंत ओढा. उलट दिशेने कधीही नको. हात सुटलाच तर पाते फळीवर जाईल, शिवणीच्या पट्टीत घुसणार नाही. पट्टी धरणाऱ्या हाताची बोटे पात्याच्या वाटेत नकोत. वीस-पंचवीस कापांनंतर पाते अडखळू लागले तर लगेच बदला. दोन रुपये वाचवायला जाऊन वर्गफूटभर चामडे घालवणारे बरेच असतात. पहिले दहा काप अर्थातच रद्दी तुकड्यावर.

3 मिलिमीटरहून अरुंद पट्ट्या पहिल्या हिवाळ्यातच तुटतात. लांबी 10 ते 15 सेंटिमीटर पुरे. शिवून झाल्यावर जॅकेट हँगरला दोन दिवस लटकू द्या आणि मगच खालची टोके सारखी करा. या एकाच कामाला कात्री चालेल. मोटारसायकल चालवणाऱ्याच्या जॅकेटला झिरमिळ्या कोपराच्या वरच संपवा, आणि ते घालून गॅसपाशी जाऊ नका.