कवितेचें पुस्तक आणि कवीचा खिसा

आमच्या खेड्यापाड्यांत अलीकडे कवितेचें पीक चांगलें येऊं लागलें आहे, आणि पीक आलें कीं अडत्या येतो त्याप्रमाणें कवितेच्या बांधावरही अडते येऊन उभे राहिले आहेत. हे अडते स्वतःस प्रकाशक म्हणवितात. सगळेच प्रकाशक असे नाहींत, हें आम्ही आधींच सांगून टाकतों. पदरचे पैसे घालून कवितेचीं पुस्तकें काढणारीं माणसें महाराष्ट्रांत होतीं व आजही आहेत. परंतु शेतकऱ्याच्या, सुताराच्या किंवा कुंभाराच्या घरचा मुलगा वही घेऊन शहरांत गेला, तर त्याची गांठ बहुधा दुसऱ्याच मासल्याशीं पडते. हा गृहस्थ कविता वाचीत नाहीं. तो पानें मोजतो आणि आंकडा सांगतो. पैसे कवीनें भरावयाचे, नांव प्रकाशकाचें लागावयाचें, कवीच्या हातीं थोड्याशा प्रती पडावयाच्या. बाकीच्या किती छापल्या, कोठें गेल्या, कोणत्या ग्रंथालयानें कोणत्या भावानें घेतल्या, हें विचारण्याची सोय नाहीं. इकडे बापानें सोयाबीनचे पैसे मोडलेले असतात किंवा बायकोनें बचत गटांतून कर्ज उचललेलें असतें. मग प्रकाशनाचा समारंभ होतो, शाल होते, नारळ होतो, आणि तो खर्चही कवीचाच. गठ्ठे माळ्यावर जातात. तेथें त्यांस उंदरासारखा रसिक भेटतो.

ह्या व्यवहारास ‘स्वतंत्र प्रकाशन’ असें गोड नांव देण्याची चाल पडली आहे. तें नांव त्यांचें नव्हे. आपला ग्रंथ आपण लोकांपुढें आणणें ही आमच्या लोकांची जुनी वाट आहे, आणि ती फार मोठ्या माणसांनीं पाडलेली आहे. सावित्रीबाई फुले यांचीं ‘काव्यफुलें’ १८५४ सालचीं. जोतीरावांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीपुढें ठेविलें. कमिटीनें तें स्वीकारिलें नाहीं. म्हणून ते कांहीं लेखणी मोडून बसले नाहींत. १८६९ सालीं शिवाजीराजांचा पवाडा आणि ‘ब्राह्मणांचें कसब’, दोन्हीं पद्यांत, लोकांच्या हातीं पडलीं. १८८५ सालीं ग्रंथकारांच्या सभेचें आमंत्रण आलें तेव्हां जोतीरावांनीं जाण्याचें नाकारिलें; ज्या सभेंत शूद्रातिशूद्रांच्या सुखदुःखास जागा नाहीं तिच्याशीं आमचें जमणार कसें, असा त्या पत्राचा मतलब होता. पुढें मुकुंदराव पाटलांनीं १९१० सालीं ‘दीनमित्र’ काढिला आणि नेवासें तालुक्यांतल्या तरवडीसारख्या खेड्यांतून, स्वतःच्या छापखान्यावर, वर्षानुवर्षें चालविला. ‘कुलकर्णी लीलामृत’ हा पद्यग्रंथ त्यांचाच. छापखाना शहरांतच असला पाहिजे, हा समज त्यांनीं खोडून काढिला.

शहरांतल्या शिकलेल्या कवींसही हीच वाट धरावी लागली. १९५४ सालीं मुंबईंत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ वगैरे तरुणांनीं ‘शब्द’ नांवाचें अनियतकालिक चक्रमुद्रणावर काढिलें. १९६३ सालीं अशोक शहाण्यांचें ‘असो’ आलें. प्रतिष्ठित मासिकें ज्या कवितेस दारांत उभी करीत नव्हतीं, ती अशा चिटुकल्या अंकांतून वाचकांपर्यंत गेली. १९७६ सालीं अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला, कोलटकर आणि गीव पटेल ह्या चौघां कवींनीं ‘क्लिअरिंग हाऊस’ काढून आपलीं इंग्रजी पुस्तकें आपणच छापिलीं. कोलटकरांचें ‘जेजुरी’ त्यांतलेंच. पुढच्याच वर्षीं त्यास राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळालें. त्यांची मराठी कविता शहाण्यांच्या प्रास प्रकाशनानें १९७७ सालीं काढिली, आणि २००३ सालची ‘भिजकी वही’ही तेथलीच. औरंगाबादेस गंगाधर पानतावणे यांनीं चालविलेल्या ‘अस्मितादर्श’नें तर ज्यांच्या घराण्यांत कोणी कधीं छापून आलें नव्हतें अशा शेंकडों हातांस लिहितें केलें. ह्या मंडळींचें सगळेंच लिखाण आम्हांस रुचतें असें नाहीं, कांहीं कळतही नाहीं. पण पैसा, प्रत आणि हक्क हीं तिन्हीं त्यांनीं परक्याच्या तिजोरींत ठेविलीं नाहींत, हें पक्कें ध्यानांत घ्यावें.

येथें आमच्या शाळामास्तरी धंद्यास धरून एक गोष्ट बोलावीशी वाटते. पैसे घेणारा प्रकाशक कविता वाचीत नाहीं खरा, पण त्याच्याकडील मुद्रितें तपासणारा मात्र कधीं कधीं वाचतो, आणि ‘व्हतं’चें ‘होतं’ करून टाकतो. मुलांच्या निबंधांत आम्हीही तें करतों, पोटासाठीं करतों. कवितेंत तें करणें म्हणजे बैलाचीं शिंगें कापून तो देखणा झाला म्हणण्यासारखें आहे. बहिणाबाई चौधरी ह्यांस अक्षरओळख नव्हती. त्या ३ डिसेंबर १९५१ रोजीं वारल्या. त्यांच्या मुलाच्या, सोपानदेवांच्या, हातीं कागदावर उतरलेलीं गाणीं होतीं, आचार्य अत्र्यांनीं आग्रह धरिला, आणि १९५२ सालीं पुस्तक निघालें. खानदेशी बोली तशीच राखिली म्हणूनच तें अमर झालें. कोणी शहाण्यानें त्या ओळी पुणेरी करून छापिल्या असत्या तर आज त्यांची आठवण कोणास राहिली असती? जीं गाणीं कोणीच उतरून घेतलीं नाहींत, तीं जात्याबरोबर गेलीं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत दिल्लीस साहित्य संमेलन भरलें. उत्तम झालें. पण गांवच्या कवीपुढें जीं पत्रकें येतात, त्यांत पारितोषिकासाठीं प्रवेशमूल्य मागितलेलें असतें आणि कविसंमेलनांत नांवनोंदणीची फी. जो पुरस्कार घेणाऱ्यानें विकत घ्यावा लागतो, त्यास आम्ही पावती म्हणतों.

तेव्हां आमच्या लिहित्या बंधुभगिनींनीं खिशांत हात घालण्यापूर्वीं कायदा जाणावा. पुस्तकावर जो आय. एस. बी. एन. क्रमांक असतो, तो राजा राममोहन रॉय यांच्या नांवाची सरकारी संस्था फुकट देते, आणि तो लेखकालाही मिळतो. त्याचे पैसे कोणी मागेल तर तो खोटें बोलत आहे किंवा आपल्या खेपांची मजुरी घेत आहे. काय तें विचारून घ्यावें. १९५७ च्या कायद्यानें कवितेचा हक्क कवीच्या हयातींत आणि त्यामागें ६० वर्षें त्याचा व त्याच्या वारसांचा असतो. तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी करारानें व सहीनेंच देतां येतो. करारांत मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षें धरतात. सही करण्यापूर्वीं प्रतींची संख्या, मुदत आणि हिशेबाची तारीख हीं तीन कलमें कागदावर नसतील तर उठून यावें. तलाठ्यापुढें अंगठा देऊन आमच्या वडिलांनीं जमिनी घालविल्या, आतां शिकलेल्या पोरांनीं सही करून कविता घालवूं नयेत. पहिल्या पुस्तकासाठीं राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्याकडेही हस्तलिखित धाडून पाहावें.

आणि पांचशें प्रतींचा हट्ट कशाला? आजच्या यंत्रांवर शंभर प्रतीही निघतात. जिल्ह्याच्या दोनतीन छापखान्यांत भाव विचारावा. भावकी, सोयरे, जुने गुरुजी, तालमींतले सोबती यांजकडून आगाऊ वर्गणी जमवून तेवढ्याच छापाव्या. लागल्या तर पुन्हा छापाव्या. टपालखात्यानें १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलें आहे. ३०० ग्रॅमपर्यंतचें पुस्तक २० रुपये अधिक करांत देशांत कोठेंही जातें, आणि कवितेचें पुस्तक बहुधा तितकेंच भरतें. १९५४ च्या कायद्यानें छापलेल्या पुस्तकाची एक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि आणखी ठरीव ग्रंथालयांस स्वखर्चानें पाठवावी लागते. ही प्रत प्रकाशकानें पाठविली असेल असें समजूं नये. आपण पाठवावी, आणि टपालाची पावती वहींत चिकटवून ठेवावी.