सहल की नुसता फेरफटका?

शाळेची सहल म्हटली की समुद्र, वाळू आणि फराळाचे डबे एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु पाहण्याची दृष्टी नसेल तर घाट उतरून केलेला प्रवासही व्यर्थ होय, असे आमचे मत आहे.

गेल्या हिवाळ्यात निपाणीहून आजरा-आंबोलीमार्गे आम्ही विद्यार्थ्यांसह वेंगुर्ले तालुक्यातील रेडीस गेलो. वाटेत शिरोडे लागले. येथील शाळेत वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ पर्यंत अध्यापन केले; येथल्याच मिठागरांवर १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. साहित्य आणि श्रम एकाच गावात कसे नांदतात, हे मुलांना तेथेच प्रथम उमगले.

रेडीचा किनारा डोंगराच्या कुशीत दडलेला आहे. खाडीवर यशवंतगड उभा आहे. वडाच्या मुळांनी त्याच्या भिंती कवटाळल्या आहेत. जवळच्या तांबड्या डोंगरातून लोहखनिज काढून येथील बंदरातून जहाजांत भरले जाई. त्याच खाणीच्या परिसरात १९७६ मध्ये भव्य द्विभुज गणेशमूर्ती सापडली. जांभ्या दगडातील ती मूर्ती पाहून सर्वांनी हात जोडले.

तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, "गुरुजी, मूर्तीचे देऊळ झाले, पण ज्यांनी हा डोंगर फोडला, त्यांची काही खूण येथे आहे का?" तिची आई विड्या वळते, हे आम्हास ठाऊक होते. आमच्याजवळ उत्तर नव्हते. कोकणी ही आमची मायबोली. हा किनारा आमच्या लहानपणाचा. तरीही हा प्रश्न आम्हास कधी सुचला नव्हता, याची खंत वाटली.

म्हणून आम्ही म्हणतो, सहलीस निघताना प्रत्येकाच्या हाती वही असावी. गड कोणी बांधला याबरोबरच दगड कोणी वाहिले, मीठ कोणी पिकवले, खाणीत कोण राबले, हेही तीत लिहावे. तेथील वृद्धांशी दोन शब्द बोलावे. भिंतीवर आपले नाव कोरण्यापेक्षा त्यांचे नाव वहीत उतरवून घेणे अधिक शोभेल.

आणि परतल्यावर तीच वही आपल्या निपाणीत उघडावी. तंबाखूच्या वखारींत आणि विड्यांच्या सुपांपुढे आपल्या आईबापांचे आयुष्य गेले. त्यांची कहाणी आपण लिहिली नाही, तर ती कोण लिहिणार? पुढील वर्षीच्या अंकात अशा दोन-चार कहाण्या वाचावयास मिळाल्या, तर आमची रेडीची सहल सार्थकी लागली असे आम्ही समजू.