चाळीसगावचा टांगा आणि वसईची कॅब

मागच्या पावसाळ्यात नालासोपारा पूर्वेतील दोन तरुण आम्हाला भेटायला आले. दोघे समलिंगी आहेत, एकत्र राहतात. शेवटची लोकल चुकली म्हणून मालाडहून त्यांनी अॅपवर गाडी केली होती. मागच्या सीटवर एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर डोके टेकले. चालकाने आरशात पाहिले. आधी शिव्या दिल्या आणि वर्सोवा पूल ओलांडल्यावर महामार्गाच्या कडेला गाडी थांबवून दोघांना खाली उतरवले. "असले लोक माझ्या गाडीत नकोत," एवढेच कारण. भर पावसात बराच वेळ चालल्यावर त्यांना एक रिक्षा मिळाली.

तक्रार केली का, असे आम्ही विचारले. त्यातला एक म्हणाला, "तक्रारीत कारण काय लिहू? खरे लिहिले तर घरी कळेल."

वसई-विरारमध्ये काम करताना अशा गोष्टी कानावर येतात, पण कागदावर येत नाहीत. कागदावर नाहीत म्हणून प्रश्नच नाही, असे प्रशासन समजते. आपल्या चळवळीतही काही कार्यकर्ते म्हणतात, "हा आपला विषय नाही." आमचे म्हणणे उलट आहे. गाडी नाकारली जाणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कुणाला माहीत असणार?

गाडी नाकारण्याचा इतिहास

'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपल्यापैकी अनेकांनी वाचले आहे. १९०१ साली लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांसह वडिलांकडे जायला मसूर स्टेशनवर उतरले. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार, या अटीवर. पुढे १९२९ मध्ये बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य म्हणून चाळीसगावला गेले, तेव्हाही टांगेवाल्याने त्यांना घेऊन टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या माणसाने सवय नसताना लगाम हातात घेतला. मोरीवर अपघात झाला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. तेव्हा ते बॅरिस्टर होते. पदवी, पद, पैसा यांतले काहीच त्या टांग्यात उपयोगी पडले नाही.

जात आणि लैंगिक कल या एकच गोष्टी नाहीत. जातीला पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था आहे, जमिनीपासून पाणवठ्यापर्यंतची. पण "तुझे पैसे चालतील, तू चालणार नाहीस" हे वाक्य दोन्हीकडे सारखेच आहे.

कायदा कुणासाठी किती?

आज एखाद्या चालकाने प्रवाशाला अस्पृश्यतेच्या भावनेतून गाडी नाकारली तर तो गुन्हा आहे. संविधानाचे कलम १७ आहे आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात सार्वजनिक वाहनाचा उल्लेख स्पष्ट आहे. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ मध्ये कायदा झाला. त्याच्या कलम ३ ने लोकांसाठी असलेल्या सेवा नाकारण्यास मनाई केली. सार्वजनिक जागी जाण्यापासून अडवणाऱ्याला कलम १८ खाली सहा महिने ते दोन वर्षे तुरुंगवासाची तरतूद ठेवली.

गे, लेस्बियन किंवा बायसेक्शुअल प्रवाशासाठी मात्र असा स्वतंत्र कायदा नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा फास सोडवला. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण 'तू गुन्हेगार नाहीस' आणि 'तुला कुणी सेवा नाकारू शकत नाही' या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे, आणि ते दोन तरुण त्याच अंतरात पावसात चालत होते. भेदभावाविरुद्ध सर्वसमावेशक कायद्यासाठी शशी थरूर यांनी २०१७ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

बाबासाहेबांनी सांगितलेला 'दुकान' शब्दाचा अर्थ

तरीही हात अगदी रिकामे नाहीत. मूलभूत हक्क बहुधा शासनाविरुद्ध मागायचे असतात, पण कलम १५ चे दुसरे उपकलम नागरिकांनाही बांधते. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणी कुणाला अडवू शकत नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह ज्यांच्या आठवणीत आहे, त्यांना या यादीत तळी का आली हे सांगायला नको.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. 'दुकान' या शब्दात काय काय येते, असा प्रश्न आला. बाबासाहेबांनी शब्दाचा अर्थ रुंद ठेवला: येईल त्याला आपली सेवा द्यायला जो तयार असतो, तो या अर्थाने दुकानदारच. २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ आधाराला घेतला आणि खासगी शिक्षणसंस्थांनाही या कलमाखाली आणले. मग मोबाइलवर दिसेल त्याला फेरी विकणारे अॅप या अर्थाबाहेर कसे राहील?

राहिला 'लिंग' हा शब्द. २ जुलै २००९ च्या नाझ फाउंडेशन निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने लैंगिक कल या शब्दाच्या कक्षेत घेतला, आणि नागरिकाने नागरिकाशी या कारणावरून केलेला भेदभावही चालणार नाही, असे नोंदवले. २०१३ मध्ये तो निकाल रद्द झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१३ चा आपलाच निर्णय चुकीचा ठरवला. युक्तिवाद आहे, भक्कम आहे. मात्र महामार्गावर रात्री उतरवलेल्या मुलाने त्यासाठी उच्च न्यायालयात जावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून साधा, जवळचा, स्थानिक उपाय हवा.

तक्रार करताना स्वतःची ओळख सांगावी लागत नाही

ही गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ खाली भाड्याच्या गाडीच्या चालकाने प्रवाशाला नेण्यास नकार देणे हाच गुन्हा आहे. दंड किरकोळ आहे, पण 'चालकाने शिवीगाळ करून अर्ध्या वाटेत उतरवले' एवढे लिहिले तरी तक्रार होते. आपण कोण आहोत, कुणासोबत होतो, हे लिहिणे सक्तीचे नाही.

फेरीचा तपशील, गाडीचा क्रमांक आणि वेळ यांचा स्क्रीनशॉट लगेच घ्यावा. अॅपवर तक्रार करून तिचा क्रमांक जपावा. उबरसारख्या कंपन्यांच्या नियमावलीत लैंगिक कलावरून भेदभावाला मनाई आहे. तो नियम त्यांच्यापुढे ठेवता येतो. परिवहन कार्यालयात अर्ज द्यावा. सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मारहाण, धमकी किंवा 'घरी सांगतो' म्हणत पैसे उकळण्याचा प्रकार झाला तर ११२ वर फोन करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. घटना हद्दीबाहेरची आहे, ही सबब चालत नाही. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आपल्या बौद्ध मुलामुलींनी हा हक्क वापरावा.

चालकही आपलेच आहेत

इथे एक अवघड बाब आहे. विरार, नालासोपारा, वसईच्या स्टँडवर आपलीही मुले रिक्षा लावतात. कर्जाचे हप्ते फेडत अॅपच्या गाड्या चालवतात. एका तक्रारीवर, काहीही न विचारता आयडी बंद होण्याची भीती त्यांना रोज असते. म्हणून 'चालकाला काढून टाका' ही आमची मागणी नाही.

२०२५ मध्ये राज्याने अॅप टॅक्सींसाठी धोरण आणले. त्यातून वाढीव भाड्याला मर्यादा आली आणि घेतलेली फेरी विनाकारण रद्द केल्यास दंड आला. चर्चा झाली ती पैशांची. सन्मानाचीही व्हावी. कंपनीला परवाना देताना लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून भेदभाव न करण्याची अट असावी. चालकांना प्रशिक्षण मिळावे. तक्रारीत दोन्ही बाजू ऐकल्या जाव्यात आणि तक्रारदाराचे नाव गुप्त राहावे. चूक ठरली तर शिक्षा पायरीपायरीने व्हावी.

आपल्या विहारात काय बोलतो?

१९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील लैंगिक प्रश्नोत्तरांमुळे खटला झाला. त्या उत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरले, पण असे विषय बोलण्यात अश्लील काही नाही, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. त्यांचे नाव घेऊन आपण विहारात, वस्तीत, लग्नाच्या मांडवात समलिंगी मुलांची टिंगल करत असू, तर त्या चालकापेक्षा आपण वेगळे कसे?

त्या दोघांपैकी एकाचे वडील रिक्षा चालवतात. रिक्षाच्या काचेवर बाबासाहेबांचा फोटो आहे. मुलगा म्हणाला, "बाबांच्या स्टँडवर जाऊन कुणी हे समजावून सांगितले, तर मी पण एक दिवस सांगू शकेन." २६ नोव्हेंबरला आपण संविधानाची उद्देशिका वाचतोच. यंदा ती वाचायला विहाराबाहेर, रिक्षा स्टँडवर जाऊ या. सोबत कलम १५ चे दुसरे उपकलमही वाचू या, आणि त्यातल्या 'दुकान' शब्दाचा बाबासाहेबांनी सांगितलेला अर्थही.