निर्वासित, घुसखोर की मजूर? आधी ओळखू या, मग बोलू या

नालासोपारा पूर्वेच्या एखाद्या चाळीत पोलिसांची गाडी आली की गल्लीत एकच शब्द फिरतो, 'बांगलादेशी'. पकडलेला माणूस कोण, कुठला, हे कळायच्या आत व्हिडिओ मोबाईलवर आलेला असतो. अशा वेळी आपण काय करतो? एक तर 'सगळं खोटं आहे' म्हणून चिडतो, नाहीतर 'ते आपले नव्हेत बाबा' म्हणत दार लावून घेतो. दोन्हींनी प्रश्न सुटत नाही.

मुळात इथे तीन वेगळी माणसं आहेत. जिवाच्या भीतीने देश सोडलेला तो निर्वासित, जसे म्यानमारमधून पळालेले रोहिंग्या. पोटासाठी परवान्याविना सीमा ओलांडलेला तो बेकायदा स्थलांतरित. आणि मालदा-मुर्शिदाबादहून बांधकामावर आलेला बंगाली बोलणारा मजूर तर भारताचाच नागरिक. नाव आणि भाषा सारखी, म्हणून तिघांनाही एकाच तराजूत तोलले जाते.

'बाहेरच्यांना घेऊ नका' म्हणणाऱ्यांचं सगळंच द्वेषातून येतं असं नाही. विरार लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, सूर्या धरणाचं पाणी येऊनही टँकर सुटत नाही. बनावट आधार कार्डाची चिंता खरी आहे. सीमा कुणी सांभाळायची, हा सरकारचा अधिकारही खरा आहे. हे मान्य केल्याशिवाय आपलं कुणी ऐकणार नाही.

पण दुसरी बाजूही आपल्याच मातीतली आहे. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. फाळणीनंतर त्याच जिल्ह्यात कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित उतरले. १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. रिकाम्या हातांनी आलेल्या त्या लोकांनी तिथे बाजारपेठ उभी केली. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित काही वर्षं राहिले. त्यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा, तरी कोल्हापूरकरांनी सांभाळले.

कायदा काय म्हणतो? भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे तिबेटींना एक वागणूक, रोहिंग्यांना दुसरी. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत मुस्लिम वगळले, तसे श्रीलंकेचे तमिळही राहिले. चकमांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. २०२१ मध्ये रोहिंग्यांना परत पाठवणं थांबवायला त्याच न्यायालयाने नकार दिला. मात्र ठरलेली प्रक्रिया पाळूनच पाठवा, असं बजावलं.

प्रक्रिया सुटली की काय होतं? जून २०२५ मध्ये खाडीपलीकडच्या मीरा रोडहून पश्चिम बंगालचे मजूर पकडले गेले आणि थेट बांगलादेशात ढकलले गेले. बंगाल सरकारने पाठपुरावा केला, तेव्हा त्यांना परत आणावं लागलं. भारताचा नागरिक आपल्याच देशाबाहेर! परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझंही कायद्याने त्या माणसावरच आहे. रोजंदारीवाल्याने गावाकडचे कागद एका रात्रीत आणायचे कुठून?

आपल्या घरातही आरसा धरू या. मक्केत छळ झाला तेव्हा पहिल्या मुसलमानांना आसरा दिला तो हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने. त्याने त्यांचं म्हणणं दरबारात ऐकलं, विरोधकांचंही ऐकलं, मग निर्णय दिला. म्हणून आपणही रोहिंग्यांसाठी बोलताना पाकिस्तानातून आलेल्या हिंदू कुटुंबाचं दुःख नाकारू नये. जुलूम झालेल्याचा धर्म विचारायचा नसतो.

मग करायचं काय? घर भाड्याने देताना पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करा, खोटे कागद करून देणाऱ्याला पाठीशी घालू नका. शेजारच्या मजुराला जन्मदाखला, शाळेचा दाखला, आईवडिलांचे कागद गावाहून मागवून ठेवायला सांगा. कुणाला अटक झालीच, तर २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करतात की नाही ते पाहा. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत तो व्हिडिओ पुढे पाठवू नका. दोषी असेल त्याला कायदा बघेल. पण नुसत्या नावावरून आणि बोलीवरून कुणाचा देश ठरू नये, एवढं तरी आपल्या मोहल्ल्यात ठरवू या.