मागीलदारचा नक्षीदार कोबा

मंडळी, सध्या आमच्या घरात एकच विषय चालू आहे. मागीलदारी 'स्टॅम्प्ड काँक्रीट' करायचं. म्हणजे आपला कोबाच हो, पण ओला असताना त्यावर रंगाची पूड भुरभुरवायची आणि रबरी साचे ठोकून दगडी फरशीचा भास आणायचा. कंत्राटदाराने मोबाइलवर फोटो दाखवले. दिसतं छान, खोटं कशाला बोलू?

माझ्या वयाची माणसं यावर लगेच नाक मुरडतात. सारवलेली जमीन, मातीचा वास वगैरे वगैरे. सारवायचं कोणी, हा प्रश्न त्यांना पडत नसावा. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. त्या चिखलात सत्तरीतल्या बाईचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं सगळं दुसऱ्याच्या हातात. तेव्हा विहिरीपर्यंत पक्की वाट हवीच.

माझं भांडण आहे ते चकाकीशी. फोटोतली ती ओली झळाळी वरून मारलेल्या सीलरची असते आणि पाणी पडलं की त्यावरून पाय घसरतो. म्हणजे चिखल काढून काच अंथरल्यासारखंच! सीलरमध्ये बारीक कण मिसळून तो खरखरीत करता येतो. आमच्या कंत्राटदाराने विचारेपर्यंत सांगितलं नाही. उतारही घरापासून बाहेरच्या बाजूला, फुटाला पाव इंच तरी हवा, नाहीतर पाणी साचून शेवाळ.

आणि फणस. मुलगा म्हणतो, बुंध्यापर्यंत नेऊ, पाचोळा झाडायला सोपं. अरे, पण त्याने प्यायचं काय? २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. राजधानीतल्या झाडांना मिळालं ते आमच्या फणसाला का नको? शिवाय मुळं जाड झाली की कोबा उचलतात, आणि रंगीत कोब्याची भेग बुजवली तरी रंग काही जुळत नाही. विहिरीत पाणी येतं तेही जमिनीत मुरूनच. सगळं परस झाकलं तर पाऊस गटारात जाणार आणि मे महिन्यात आपण टँकरची वाट बघणार.

असो. शाळेच्या मैदानावर मारायचो तशी फक्कीची रेघ मी मारून ठेवली आहे. दारापासून विहिरीपर्यंत वाट, दोन खुर्च्या मावतील एवढा चौक, बाकी माती. सून माझ्या बाजूने आहे. मुलगा अजून टेप घेऊन फिरतोय.